रोगाचा आकार : संस्थितिविज्ञान आणि वैद्यकीय संशोधन

१

रोगाला नाव देणे ही वैद्यकातील एक मूलभूत कृती आहे. नाव दिले की उपचाराची दिशा ठरते, रोग्याला भवितव्याविषयी काही सांगता येते आणि एका रोग्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. परंतु नाव देणे म्हणजे वर्ग करणे. आणि वर्ग केले की त्यांच्या सीमेवर असलेल्यांचा प्रश्न उभा राहतो. साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण नवी नाही. एखादी रचना आख्यान की गीत, चरित्र की कादंबरी, हा वाद पुष्कळदा त्या रचनेपेक्षा वर्गीकरणाच्या चौकटीविषयीच अधिक सांगून जातो. वैद्यकात मात्र असा वाद केवळ पांडित्याचा राहत नाही. चुकीच्या वर्गात पडलेल्या रोग्याला नको ते औषध मिळते, किंवा हवे ते मिळत नाही.

या जुन्या अडचणीला अलीकडच्या काळात एक नवे परिमाण लाभले आहे. कर्करोगाच्या एका गाठीतील हजारो जनुकांपैकी प्रत्येक जनुक किती क्रियाशील आहे, हे आता एकाच तपासणीत मोजता येते. म्हणजे एका रोग्याविषयी हजारो संख्या हाती येतात. भूमितीच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक रोगी हा हजारो मिती असलेल्या अवकाशातील एक बिंदू होतो. ज्यांच्या संख्या परस्परांशी जुळतात ते बिंदू जवळ, ज्यांच्या जुळत नाहीत ते दूर. शेकडो रोग्यांची सामग्री म्हणजे अशा अवकाशात विखुरलेला बिंदूंचा एक मेघ होय. हा मेघ डोळ्यांना दिसू शकत नाही. त्याचे स्वरूप कसे ओळखावे, हा प्रश्न आहे.

प्रचलित उत्तर गटबांधणीचे आहे. जवळजवळचे बिंदू एकत्र करावे, त्यांचे गट पाडावे आणि प्रत्येक गटाला रोगाचा एक उपप्रकार मानावे. मेघ मुळातच सुट्या पुंजांचा असेल तर ही रीत उत्तम चालते. पण रोग हा पुष्कळदा पुंजांत विभागलेला नसतो. तो एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत सरकत जातो, मध्येच त्याला फाटे फुटतात, निरनिराळ्या वाटा एकत्रही येतात. अशा सलग विस्तारावर गटबांधणी केली तर ती कोठे तरी रेघ मारतेच. आणि रेघेच्या दोन बाजूंना असलेले, वस्तुतः अगदी सारखे असलेले रोगी वेगळ्या नावाखाली जातात. रेघ मारण्यापूर्वी मेघाचा आकार पाहावा, हा विचार ज्या गणितातून आला ते गणित म्हणजे संस्थितिविज्ञान, अर्थात टोपॉलॉजी.

२

संस्थितिविज्ञानाचा आरंभ बहुधा क्योनिग्सबेर्ग नगरातील सात पुलांच्या कोड्यापासून सांगितला जातो. प्रेगेल नदीने विभागलेल्या चार भूभागांना जोडणारे सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून सगळ्या नगराची फेरी करता येईल काय, असा तो प्रश्न होता. लेओनार्ड ऑयलर याने १७३५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे दाखवून दिले की तशी फेरी शक्य नाही. या उत्तरासाठी त्याला पुलांची लांबी, नदीची रुंदी, रस्त्यांचे वळण यांपैकी कशाचीही गरज पडली नाही. कोणता भूभाग कोणत्या भूभागाशी किती पुलांनी जोडला आहे, एवढेच पुरेसे ठरले. योहान बेनेडिक्ट लिस्टिंग याने १८४७ मध्ये या विद्येच्या ग्रंथाला ‘टोपोलॉगी’ हे नाव दिले, आणि आंरी प्वाँकारे याने १८९५ च्या आपल्या प्रबंधाने तिला आधुनिक रूप दिले. अंतरे व कोन मोजणारी भूमिती एकीकडे, आणि जोड, खंड व छिद्रे मोजणारे हे शास्त्र दुसरीकडे, असा भेद तेव्हापासून स्थिरावला.

देवनागरी अक्षरांवरून हा भेद चांगला समजतो. शिरोरेषा क्षणभर बाजूला ठेवली, तर छापील ‘ग’ हे दोन सुट्या तुकड्यांचे अक्षर आहे. ‘व’ हा एकच तुकडा असून त्यात एक छिद्र आहे. ‘ळ’ मध्ये दोन छिद्रे आहेत. ‘र’ मध्ये एकही नाही. अक्षर लहान काढा, मोठे काढा, तिरपे काढा, कोणत्याही वळणात काढा. तुकड्यांची आणि छिद्रांची ही गणती बदलत नाही. अक्षराचे सौंदर्य या गणतीत येत नाही हे उघड आहे. परंतु निरनिराळ्या हातांनी काढलेले ‘व’ हे एकच अक्षर आहे हे ओळखण्यास जे उपयोगी पडते, त्याचा एक भाग तिच्यात येतो. प्वाँकारेने एन्रिको बेट्टी या इटालियन गणितज्ञाच्या नावावरून ज्यांना बेट्टी-संख्या म्हटले, त्या याच गणतीच्या संख्या होत. सुट्या खंडांची संख्या, वेढ्यांची संख्या आणि त्यापुढे चेंडूसारख्या बंदिस्त पोकळ्यांची संख्या असा त्यांचा क्रम चढत जातो.

३

येथे एक आक्षेप येऊ शकतो. अक्षराची रेषा सलग असते. रोग्यांचा मेघ तर सुट्या ठिपक्यांचा असतो. ठिपक्यांना छिद्र कोठून येणार? शिवाय प्रत्येक मोजणीत थोडीफार चूक असतेच. या आक्षेपाला हर्बर्ट एडेल्सब्रुनर, डेव्हिड लेट्शर आणि आफ्रा झोमोरोदियन यांनी २००० साली दिलेले उत्तर ‘पर्सिस्टंट होमॉलॉजी’ या नावाने ओळखले जाते. टिकाव धरणाऱ्या छिद्रांचे गणित असे त्याचे वर्णन करता येईल.

पुन्हा अक्षराकडेच वळावे. एखाद्या पोथीत लेखकाच्या घाईमुळे ‘व’ची गाठ पुरती मिटलेली नाही असे समजू. त्यात छिद्र आहे की नाही? तेच अक्षर किंचित जाड बोरूने गिरवले तर फट बुजते आणि छिद्र जन्माला येते. बोरू आणखी जाड करीत गेल्यास शेवटी शाई आतपर्यंत पसरते आणि ते छिद्र नाहीसे होते. कागदाच्या खरखरीतपणामुळे रेषेत पडलेली बारीक छिद्रेही सुरुवातीस दिसतात, परंतु ती बोरूच्या अगदी थोड्या जाडीतच बुजून जातात. ‘व’चे खरे छिद्र मात्र बराच काळ टिकते. तेव्हा बोरूची ‘योग्य’ जाडी कोणती, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. सर्व जाड्या क्रमाने घेऊन पाहाव्यात, आणि जे छिद्र दीर्घकाळ टिकते ते अक्षराचे मानावे, जे क्षणात जाते ते कागदाचे.

रोग्यांच्या मेघाला हीच युक्ती लागू केली जाते. प्रत्येक बिंदूभोवती एक गोल कल्पून तो हळूहळू वाढवीत नेला जातो. गोल परस्परांना भिडू लागले की खंड एकत्र येतात, वेढे निर्माण होतात व पुढे भरून जातात. प्रत्येक वैशिष्ट्याचा जन्म आणि शेवट नोंदला जातो. मोजणीत लहानसा फरक पडल्यास या नोंदीतही लहानसाच फरक पडतो, हा सिद्धान्त डेव्हिड कोहेन-स्टायनर, एडेल्सब्रुनर आणि जॉन हेरर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या दृष्टीने हा सिद्धान्त महत्त्वाचा आहे. कारण प्रयोगशाळेतील किरकोळ चुकीने रोगाचे चित्र उलटेपालटे होणार असेल, तर ते चित्र कितीही सुंदर असले तरी निरुपयोगी होय.

दुसरी रीत ‘मॅपर’ या नावाची आहे. ती गुरजीत सिंग, फाकुंदो मेमोली आणि गुन्नार कार्लसन यांनी २००७ मध्ये मांडली. प्रथम एक ‘भिंग’ निवडले जाते, म्हणजे प्रत्येक रोग्याला एखादी संख्या दिली जाते. त्या संख्येच्या विस्ताराचे पट्टे पाडले जातात. मात्र हे पट्टे कडेला एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक पट्ट्यात परस्परांसारख्या रोग्यांचे छोटे गट करून प्रत्येक गटाची एक गाठ मांडली जाते, आणि ज्या दोन गाठींत एखादा रोगी समान असेल त्या रेषेने जोडल्या जातात. हजारो मितींच्या मेघाचे अशा रीतीने कागदावर काढता येईल असे एक जाळे तयार होते.

पट्टे एकमेकांवर चढलेले असणे हे येथील मर्म आहे. सामान्य वर्गीकरणात एक रोगी एकाच वर्गात असावा लागतो, आणि दोहोंत बसणारा रोगी ही वर्गीकरणाची अडचण ठरते. मॅपरमध्ये तोच रोगी दोन गाठींना जोडणारा दुवा होतो. सीमेवरच्या रोग्यांना वगळले तर जाळ्यात रेषाच उरणार नाहीत, केवळ सुटी टिंबे राहतील. आकार कळतो तो सीमेवरच्यांमुळे.

४

या रीतीचे सर्वांत परिचित उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचे आहे. मोनिका निकोलाउ, अर्नोल्ड लेव्हिन आणि कार्लसन यांचा निबंध २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्यांनी वापरलेली मुख्य सामग्री नवी नव्हती. नेदर्लंड्समधील कर्करोग संस्थेत अभ्यासलेल्या २९५ गाठींची ती नोंद आधीच अनेक संशोधकांच्या हाताखालून गेलेली होती. नवे होते ते भिंग. निरोगी स्तनपेशींच्या जनुकीय स्थितीपासून प्रत्येक गाठ किती दूर गेली आहे, ही संख्या त्यांनी भिंग म्हणून घेतली.

तयार झालेले जाळे शाखांचे होते. एका बाजूला इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद न देणाऱ्या गाठींची शाखा, दुसऱ्या बाजूला प्रतिसाद देणाऱ्यांची. या दुसऱ्या शाखेच्या टोकाशी एक लहान समूह आढळला. त्यातील गाठींत सी-मिब नावाचे जनुक अत्यंत क्रियाशील होते आणि दाहाशी संबंधित जनुके मंद होती. या समूहातील सर्व स्त्रिया अभ्यासाच्या कालावधीत जिवंत राहिल्या, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही रोग शरीरात अन्यत्र पसरला नाही. समूह शोधताना त्यांच्या जगण्या-मरण्याची माहिती गणिताला पुरवलेली नव्हती. निरोगी आणि रोगग्रस्त एवढाच भेद सांगितलेला होता. प्रचलित गटबांधणीला हा समूह दिसत नव्हता. तिने या गाठी मान्य उपप्रकारांत वाटून टाकल्या होत्या.

या निष्कर्षात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. हा समूह शाखेच्या टोकाला, म्हणजे निरोगी स्थितीपासून बराच दूर होता. आरोग्यापासून जितके अंतर अधिक तितका रोग गंभीर, अशी सहज समजूत असते. येथे अंतर मोठे होते, पण दिशा वेगळी होती. आणि भवितव्य दिशेवर अवलंबून होते. केवळ अंतर मोजणाऱ्याला हे कळले नसते.

या शोधाचे मोल रोग्याच्या बाजूने पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. कर्करोगावरील रासायनिक उपचार शरीराला मोठी किंमत मोजावयास लावतात. ज्यांचा रोग पसरणारच नाही अशांना आधीच ओळखता आले तर त्यांचा तो त्रास टळू शकेल. परंतु ‘टळू शकेल’ आणि ‘टाळावा’ यांत मोठे अंतर आहे. या स्त्रियांवर त्या काळी उपचार झालेले होते. त्यांचे जगणे गाठीच्या स्वभावाने झाले की उपचाराने, याचा निर्णय मागे वळून पाहिलेल्या नोंदींवरून होत नाही. त्यासाठी पुढे पाहणारी, तुलनात्मक चाचणी हवी. जाळ्याच्या आकाराने एक प्रश्न नेमका करून दिला. उत्तर देण्याचे काम वैद्यकाकडेच राहते.

५

वर्गाच्या चौकटीसारखीच वंशवृक्षाची चौकटही अपुरी पडते, हे विषाणूंच्या अभ्यासात दिसून आले. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर आठ सुट्या खंडांचा असतो. एकाच पेशीत दोन निराळे विषाणू शिरले तर नव्या विषाणूत काही खंड एकाचे आणि काही दुसऱ्याचे येऊ शकतात. २००९ मध्ये जगभर पसरलेल्या आणि ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात भारतातील पहिला बळी घेणाऱ्या विषाणूत पक्षी, मनुष्य व डुक्कर यांच्याकडून आलेले खंड एकत्र झालेले होते. एचआयव्हीच्या बाबतीतही दोन प्रकारांचा संकर होऊन नवे प्रकार बनतात. अशा संततीला एकच पूर्वज दाखवणारा वंशवृक्ष अर्धसत्य सांगतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना येथे परिचित भूमी सापडेल. हस्तलिखितांचा वंशवृक्ष काढण्याची रीत असे गृहीत धरते की लेखनिकाने एकाच मूळ प्रतीवरून नक्कल केली. पण त्याच्यासमोर दोन पोथ्या असतील आणि त्याने दोहोंतून पाठ उचलले असतील, तर वृक्षाच्या दोन फांद्या पुन्हा एकमेकींना मिळतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्वाला १९३३ मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत वि. स. सुखठणकर यांना हाच पाठसंकर समोर ठेवून वाट काढावी लागली. पाठपरंपरांची वंशावळ त्यांनी मांडली, परंतु संकरामुळे तिला पडणाऱ्या मर्यादाही नोंदल्या.

जोसेफ चॅन, कार्लसन आणि राउल रबादान यांनी २०१३ मध्ये विषाणूंच्या संदर्भात या अडचणीला संस्थितिविज्ञानाचे उत्तर दिले. वृक्षाच्या आकृतीत वेढा नसतो. फांद्या फुटत जातात, पण पुन्हा जुळत नाहीत. म्हणून विषाणूंच्या मजकुरांमधील अंतरांवरून बनलेल्या मेघात टिकाऊ वेढा आढळला, तर तो इतिहास केवळ वृक्षाने सांगता येणार नाही हे सिद्ध होते. संकर ही येथे दूर करावयाची अशुद्धी राहत नाही, तर मोजता येणारी घटना होते. २०१३ मध्येच चीनमध्ये माणसांत आढळलेल्या एच-७-एन-९ या पक्षी-विषाणूतील तीन कुळांची सरमिसळ, तसेच एचआयव्हीच्या संकरित प्रकारांची घडण या रीतीने मांडता आली. याचा व्यतिरेक मात्र खरा नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. वेढा न आढळणे म्हणजे संकर न होणे नव्हे. दुवा असलेला नमुना गोळाच झाला नसेल, तर वेढा दिसणार नाही. गहाळ झालेल्या पोथीविषयी पाठचिकित्सक जी सावधगिरी बाळगतो तीच येथेही लागते.

६

या पद्धतीच्या मर्यादा तिच्या बळाइतक्याच समजून घेणे आवश्यक आहे. दोन रोग्यांमधील अंतर कसे मोजावे, भिंग कोणते घ्यावे, पट्टे किती रुंद असावेत व किती चढलेले असावेत, हे सर्व संशोधक ठरवतो. भिंग बदलले की जाळे बदलते. मेघाचा आकार हा वस्तुनिष्ठ आहे, पण त्याचे चित्र हे एका विशिष्ट जागेवरून घेतलेले दर्शन आहे.

मधुमेहाच्या उदाहरणावरून हे दिसते. न्यूयॉर्कमधील माउंट सायनाय येथील ११,२१० रोग्यांच्या नोंदींचा संस्थितिवैज्ञानिक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या २,५५१ जणांत तीन उपगट आढळले. एकात मूत्रपिंड व नेत्रपटल यांचे विकार ठळक होते, दुसऱ्यात कर्करोग आणि हृदयविकार, तिसऱ्यात हृदयविकारासोबत मज्जासंस्थेचे विकार, ॲलर्जी आणि एचआयव्हीचा संसर्ग. पुढे २०१८ मध्ये स्वीडनमधील ८,९८० नव्या रोग्यांच्या अभ्यासात, सहा मापे घेऊन आणि नेहमीच्या गटबांधणीने, मधुमेहाचे पाच गट पाडण्यात आले. तीन खरे की पाच, असा प्रश्न विचारणे योग्य होणार नाही. दोन्ही अभ्यासांची सामग्री वेगळी, मापे वेगळी, लोकसमूह वेगळा आणि रीतही वेगळी होती. दोहोंचा समान निष्कर्ष एवढाच की ज्याला एक रोग म्हटले जाते तो एक नाही.

यातून आणखी एक मर्यादा पुढे येते. मेघ ज्या रोग्यांचा, आकार त्यांचाच. नेदर्लंड्समधील स्त्रियांच्या किंवा न्यूयॉर्कमधील रोग्यांच्या सामग्रीतून उमटलेला आकार भारतातील रोग्यांना जसाच्या तसा लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. जे रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचले नाहीत आणि ज्यांची नोंद झाली नाही, त्यांच्या जागी मेघात रिकामी पोकळी राहते. आणि छिद्रे मोजणाऱ्या शास्त्राने ती पोकळी रोगाची समजण्याचा धोका असतो. रोगाने निर्माण केलेले छिद्र कोणते आणि नोंदीच्या उपेक्षेने निर्माण झालेले कोणते, हे गणित एकटे सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी नोंदी कशा झाल्या आणि कोणाच्या झाल्या नाहीत, याची माहिती असावी लागते.

म्हणून या पद्धतीकडे निदानाचे यंत्र म्हणून पाहण्याऐवजी वाचनाची एक शिस्त म्हणून पाहणे अधिक युक्त ठरेल. वर्ग ठरवण्यापूर्वी सलगता तपासावी. वंशवृक्ष काढण्यापूर्वी संकर झाला आहे का ते पाहावे. आणि कोणत्याही वर्गात नीट न बसणाऱ्याला टाकून देण्यापूर्वी, तो कोणत्या दोन वर्गांना जोडतो हे विचारावे, एवढे ती शिकवते. सी-मिब समूहातील स्त्रियांच्या नोंदी अनेक वर्षे उपलब्ध होत्या आणि मान्य उपप्रकारांच्या नावाखाली त्या नीट लावलेल्याही होत्या. त्यांच्यात काही निराळे आहे हे कळण्यास नव्या रोग्यांची गरज पडली नाही. असलेल्या नोंदींतील जोड पाहण्याची गरज पडली.